ज्यू हद्दपारीचे दहा तक्ते: निघून गेलेल्यांचे बाण आहेत, राहिलेल्यांचं काय?

ज्यूंच्या हद्दपारीवरचा हा दहा नकाशा-तक्त्यांचा संच घ्यायला हरकत नाही. मात्र सहावा तक्ता भिंतीवर चढवण्याआधी त्याचा मथळा बदलावा लागेल, आणि नवव्या तक्त्यावरचा एक बाण पांढरी पट्टी लावून झाकावा लागेल. एवढं केलं नाही तर पोरांसमोर चुकीचा इतिहास टांगल्यासारखं होईल. चौथ्यातही गडबड आहे, पण ती पेन्सिलीने सावरता येते. उरलेल्या सातांपैकी पाच चांगले, दोन चालतील असे.

नागपूरच्या महालातल्या एका लहान छापखान्याने हा संच काढलाय. गिऱ्हाईक उघड आहे: कॉलेजांचे इतिहास विभाग, स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि अभ्यासिका. दहा तक्ते, प्रत्येक 20 बाय 30 इंच, 170 जीएसएम आर्ट पेपर, पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन, वरच्या कडेला टांगायला दोन पितळी आयलेट (भोकातल्या कड्या). सोबत 16 पानांची पुस्तिका. पूर्ण संच 2,400 रुपये, सुटा तक्ता 300. छपाई स्वच्छ आहे, गावांची नावं देवनागरीत आणि मागच्या बाकावरून वाचता येतील एवढी मोठी. या विषयावर मराठीत भिंतीवर लावण्याजोगं साहित्य सहसा हाती लागत नाही, त्यामुळे थोडी सूट द्यायला मन तयार होतं. पण फार नाही.

संचाचा गाभा म्हणजे पाचवा तक्ता: स्पेन, 1391 ते 1492. डाव्या अर्ध्या भागात 1391 च्या ज्यूविरोधी दंगली आकड्यांच्या क्रमाने दिल्यात. जूनमध्ये सेव्हिल, मग कोर्दोबा आणि तोलेदो, जुलैत व्हॅलेन्सिया, ऑगस्टमध्ये पाल्मा आणि बार्सिलोना. आकडे बोटाने जोडत गेलं की आग दक्षिणेकडून पूर्व किनाऱ्यापर्यंत कशी पसरली ते न सांगता कळतं. कारणंही चौकटीत नेमकी आहेत. सेव्हिलच्या धर्मप्रांतातला आर्चडीकन (आर्चबिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) फेरान्द मार्तिनेझ वर्षानुवर्षं चिथावणीची प्रवचनं देत होता. राजा आणि आर्चबिशप त्याला आवरत होते. 1390 मध्ये आर्चबिशप वारला, त्याच वर्षी राजा हुआन पहिला घोड्यावरून पडून मेला आणि गादीवर अकरा वर्षांचं पोर आलं. लगाम धरायला कुणी उरलं नाही. दंगल ‘लोकांच्या रागातून’ झाली असं मोघम न लिहिता कोणाचा हात सुटला ते दाखवलंय, हे या तक्त्याचं खरं काम.

उजव्या अर्ध्यात 1492 चे बाण: पोर्तुगाल, नवारा, उत्तर आफ्रिका, इटली, उस्मानी तुर्कांची बंदरं. सगळे बाण एकाच जाडीचे. पाहणाऱ्याला हे आधी आळशीपणाचं वाटेल, पण निर्णय बरोबर आहे. स्पेन सोडलेल्यांचे अंदाज 40,000 पासून 2 लाखांपर्यंत जातात. अशा आकड्यांवर बाणांची जाडी ठरवली की नकाशा खोटी खात्री देतो. पुस्तिकेत हे दोन ओळींत सांगितलंय, शाबास.

आता तक्रार. 1391 च्या त्या उन्हाळ्यात जे मारले गेले नाहीत त्यांतल्या हजारोंनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. ते कुठेही गेले नाहीत. त्याच गल्लीत, त्याच दुकानात राहिले; फक्त नाव बदललं आणि विश्रांतीच्या शनिवारऐवजी रविवार आला. हेच ते कॉन्व्हर्सो, म्हणजे नवख्रिस्ती. तक्त्यावर त्यांच्यासाठी एकही खूण नाही, कारण संचाची सगळी भाषा बाणांची आहे आणि बाण फक्त चालणाऱ्याला मिळतो. बुर्गोसचं उदाहरण घ्या. तिथला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, श्लोमो हालेवी 1390 च्या सुमाराला ख्रिस्ती झाला, पाब्लो दे सांता मारिया या नावाने चर्चमध्ये वर चढत गेला आणि 1415 मध्ये त्याच बुर्गोसचा बिशप झाला. मनाने बदलला की काळ ओळखून, यावर वाद आहेत. पण या नकाशावर तो माणूस जागचा हललेलाच नाही, म्हणून तो नाहीच.

हे नुसतं अपुरेपण असतं तर चाललं असतं. पण 1492 च्या बाणाचं कारणच या न हललेल्या माणसांत आहे. 31 मार्च 1492 च्या कास्तीलच्या (स्पेनमधल्या मोठ्या राज्याच्या) फर्मानात हद्दपारीचं कारण दिलंय ते असं: ज्यू शेजारी राहतात, नवख्रिस्त्यांना जुन्या सणांची, उपासांची, विधींची आठवण करून देतात आणि त्यांना पुन्हा ओढतात. म्हणजे शंभर वर्षं आधी सक्तीने बाप्तिस्मा द्यायचा, मग त्या बाप्तिस्म्यावर विश्वास बसेना म्हणून उरलेल्यांना हाकलायचं. कॉन्व्हर्सो दाखवले नाहीत तर बाण आकाशातून पडल्यासारखा वाटतो. वर्गात कुणीतरी विचारणारच: ग्रानाडा जिंकल्यावर तीन महिन्यांत अचानक काय झालं?

पुस्तिकेत फर्मानाचा सारांश आहे, त्यात दोन दुरुस्त्या करून घ्या. ‘तीन महिन्यांची मुदत’ असं छापलंय. फर्मानात मुदत जुलैअखेरची, म्हणजे सहीपासून चार महिने. जाहीर वाचन एप्रिलच्या शेवटाला झालं, त्यामुळे लोकांच्या हाती तीनच महिने उरले. दोन्ही गोष्टी लिहायला हव्यात, कारण मधला एक महिना घर विकणाऱ्याच्या खिशातून गेला. शिवाय सोनं, चांदी, नाणी देशाबाहेर न्यायला बंदी होती. न्यायचा तो माल किंवा हुंडी. घर विकायचं तर पैसा बाहेर नेता येत नाही, आणि घेणाऱ्याला ठाऊक आहे की विकणारा जुलैपलीकडे थांबू शकत नाही. समकालीन बखरकार बेर्नाल्देझ सांगतो की घर दिलं गाढवाच्या बदल्यात आणि द्राक्षमळा थोड्याशा कापडाच्या बदल्यात. सारांशात ही सोन्या-चांदीची अट एका अर्ध्या ओळीत उरकलीय. ती ठळक हवी होती.

दुसरी दुरुस्ती मोठी. पुस्तिका म्हणते, ‘इन्क्विझिशनने ज्यूंना पकडून शिक्षा दिल्या.’ इन्क्विझिशन म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय; त्याचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. ज्यू म्हणून उघड राहणाऱ्या माणसावर पाखंडाचा खटला चालवता येत नव्हता; पाखंडी व्हायला आधी ख्रिस्ती असावं लागतं. 1478 ला पोपची परवानगी आली, फेब्रुवारी 1481 मध्ये सेव्हिलला पहिल्या सहा जणांना जाळलं, ते सगळे कागदोपत्री ख्रिस्तीच. हा मुद्दा चुकला की पुढचं काहीच नीट लागत नाही. तोलेदोत 1449 मध्ये नवख्रिस्त्यांना सरकारी पदांवरून काढणारा ठराव आला आणि त्यातून ‘रक्तशुद्धी’चे नियम पसरले. उमेदवाराला आजा-पणजा दाखवावा लागे, साक्षीदार तपासले जात. बाप्तिस्म्याने धर्म बदलतो, मग वंशावळ कशाला, असा प्रश्न पडेल. दाखल्यांच्या फायली घेऊन हिंडलेल्या नागपूरकराला तो समजावून सांगावा लागणार नाही.

उपाय स्वस्त आहे. सीताबर्डीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक ओएचपी शीट मिळते. तिच्या चार शीट जोडून पाचव्या तक्त्याच्या डाव्या भागावर बसवा, वरच्या कडेला क्लिप. कायम राहणाऱ्या मार्करने, ओल्या फडक्याने पुसला जाणारा नको, सहा गावांवर भरीव ठिपके काढा: सेव्हिल, कोर्दोबा, तोलेदो, व्हॅलेन्सिया, पाल्मा, बार्सिलोना. सातवा ठिपका बुर्गोसचा. आधी शीटशिवाय तक्ता दाखवायचा, मग शीट खाली सोडायची. एक परतीचा बाणही काढा, पोर्तुगालकडून कास्तीलकडे: 1492 च्याच नोव्हेंबरात हुकूम निघाला की बाप्तिस्मा घेऊन येणाऱ्यांना परत येता येईल आणि विकलेली मालमत्ता विकल्या किमतीला परत घेता येईल. काही जण आलेही. एकेरी बाणांत हे कुठून दिसणार?

सहावा तक्ता तर हीच चूक मथळ्यातच करतो: ‘पोर्तुगालमधून हद्दपारी, 1497’. फर्मान डिसेंबर 1496 मध्ये निघालं खरं, मुदत ऑक्टोबर 1497 ची. राजा मानुएलला स्पेनच्या राजकन्येशी लग्न करायचं होतं आणि सासरची ती अट होती. पण त्याला माणसं घालवायची नव्हती. कारागीर, वैद्य, कर भरणारे हवे होते. म्हणून 1497 च्या वल्हांडणाच्या, या ज्यू सणाच्या, सुमाराला 14 वर्षांखालची मुलं आईबापांकडून हिसकावून बाप्तिस्म्याला नेली. निघायची बंदरं कमी करत शेवटी एकट्या लिस्बनवर आणली, जमलेल्यांना एस्तॉस वाड्यात कोंडलं आणि बहुतेकांना तिथेच ख्रिस्ती करून टाकलं. गलबतं मिळालीच नाहीत. तक्त्यावर मात्र लिस्बनमधून पाच जाडजूड बाण समुद्रात जातात. त्यातले बहुतेक नंतरच्या दशकांतले, लपूनछपून किंवा परवानगी मिळेल तेव्हा निघालेल्या नवख्रिस्त्यांचे. मथळ्यावर पट्टी लावून ‘सक्तीचा बाप्तिस्मा, 1497’ लिहा आणि बाणांशेजारी ‘1497 नंतर’. एप्रिल 1506 ची लिस्बनची कत्तल आणि 1536 चं पोर्तुगीज इन्क्विझिशन तक्त्यावर बरोबर आहे. राजाने 1497 मध्ये वीस वर्षं कुणाच्या श्रद्धेची चौकशी करणार नाही असं वचन दिलं होतं, तेही छापलंय. ते वाचून 1506 पाहिलं की अंगावर येतं.

इथे शब्दांचा एक प्रश्न. संच सरसकट ‘धर्मांतर’ लिहितो. कोशात चूक नाही. पण हा तक्ता नागपुरात लागणार आहे. इथे धर्मांतर म्हटलं की डोळ्यांसमोर दीक्षाभूमी येते: 14 ऑक्टोबर 1956, लाखो माणसं, 22 प्रतिज्ञा, आणि 1935 च्या येवल्याच्या घोषणेपासून एकवीस वर्षं केलेला विचार. तो निर्णय माणसांनी स्वतःचा म्हणून, उघड्या मैदानात घेतला. एस्तॉस वाड्यातल्या कोंडलेल्या बापासाठी तोच शब्द वापरला की दोन्हींचा अर्थ मातीत जातो. ‘सक्तीचा बाप्तिस्मा’ हा शब्द सरळ आणि पुरेसा आहे; हिब्रूत अशा माणसांना अनुसीम म्हणतात, म्हणजे ज्यांच्यावर जबरदस्ती झाली ते. पुस्तिकेत दोन ठिकाणी ‘तडीपार’ही आलंय. तडीपार म्हणजे पोलिसांनी गुंडाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवणं. वर्गात हशा हवा असेल तर ठेवा.

नववा तक्ता, गोवा-कोचीन-कोकण, मराठी वाचकासाठी सगळ्यात जवळचा आणि म्हणूनच चूक सगळ्यात जास्त खुपते. स्पेनपासून निघालेला एक लाल बाण थेट अलिबागजवळच्या नवगावला येऊन थांबतो, खाली ‘बेने इस्रायल’. हे साफ चूक. बेने इस्रायल म्हणजे कोकणातला जुना ज्यू समाज; त्यांची परंपरा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आहे आणि ती 1492 च्या कितीतरी आधीची. पेणकर, दिवेकर, रोहेकर, किहीमकर ही गावांवरून पडलेली आडनावं लावणाऱ्या या समाजाचा स्पेन-पोर्तुगालच्या हद्दपारीशी संबंध जोडायला काही आधार नाही. हा बाण कोचीनला न्यायला हवा होता. तिथले परदेशी ज्यू, ज्यांचं सिनेगॉग (प्रार्थनाघर) 1568 चं, त्यांत स्पेन-पोर्तुगालहून आलेली घराणी आहेत. एक इंच रुंद पांढरी पट्टी लावली की काम भागतं. कोचीनचा बाण स्वतः काढा.

गोव्याचा भाग मात्र उत्तम. गार्सिया द ओर्ता तिथे छोट्या चित्रासह आहे: वैद्य, आईबाप स्पेनमधून आलेले नवख्रिस्ती, 1534 मध्ये गोव्यात आला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं, भारतीय औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच 1563 मध्ये छापलं गेलं. 1568 ला तो मेला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळलं, आणि 1580 मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली. 1560 ते 1812, मधली 1774 ते 1778 ही वर्षं सोडून, ही कचेरी चालू होती. सुरुवातीला तिचा रोख नवख्रिस्त्यांवर, पुढे खटल्यांत मुख्यतः जुने रीतिरिवाज न सोडणारे बाटवलेले हिंदूच, हेही नोंदवलंय.

या तक्त्याच्या कोपऱ्यातली एक चौकट संचातली सगळ्यात हुशार गोष्ट. एका बाजूला स्पॅनिश इन्क्विझिशन संशयितांवर लावत असे त्या खुणा: शनिवारी धुतलेला सदरा, शनिवारी चुलीतून धूर नाही, डुकराच्या चरबीऐवजी तेलात स्वयंपाक. दुसऱ्या बाजूला कोकणातले ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्रायलच: तेलाचा घाणा, आणि शनिवारी तो बंद. ज्या सवयीवरून एका किनाऱ्यावर जातीचं नाव पडलं, तीच दुसऱ्या किनाऱ्यावर तुरुंगाचा पुरावा झाली. ही चौकट सुटी छापून विकली तरी चालेल.

चौथा तक्ता फ्रान्सचा. तारखा ठीक आहेत: 1182 ला हाकललं, 1198 ला परत बोलावलं, 1306 ला हाकललं, 1315 ला बारा वर्षांच्या कराराने परत, 1394 ला कायमचं. चूक रंगात आहे. आजचा अख्खा फ्रान्स एकाच पिवळ्यात रंगवलाय. 1182 मध्ये राजा फिलिपच्या ताब्यात होता तो पॅरिसभोवतीचा मुलूख. प्रॉव्हान्स 1481 पर्यंत राजाकडे नव्हता, आव्हिन्यो पोपकडे होतं आणि तिथे ज्यू राहतच होते. हाकललेला माणूस कित्येकदा नदी ओलांडून शेजारच्या सरदाराकडे जात असे, हे पिवळ्या पसाऱ्यात हरवतं. पेन्सिलीने राजाच्या मुलखाची ठोकळ हद्द काढली तरी पुरे. 1306 चा हिशेब मात्र छान मांडलाय: एकाच दिवशी, 22 जुलैला, अटका, घरांचा लिलाव, आणि ज्यूंची येणी राजाच्या नावावर वसूल. कर्जदार सुटला नाही, फक्त सावकार बदलला.

तिसरा, इंग्लंडचा, निर्दोष आहे. 18 जुलै 1290 चं फर्मान, 1 नोव्हेंबरची मुदत, त्याआधी 1275 ला व्याजाच्या धंद्यावर बंदी. लंडनमध्ये 1232 पासून असलेलं बाटलेल्या ज्यूंचं वसतिगृह ठिपक्याने दाखवलंय, म्हणजे ठिपका काढता येतो हे छापखान्याला माहीत आहे. त्या घराची गरज का पडली हेही दिलंय: बाटलेल्या ज्यूची मालमत्ता राजाकडे जमा व्हायची, म्हणून धर्म बदलणारा त्याच दिवशी कंगाल.

पहिल्या तक्त्यातली एक नोंद मोठ्याने वाचून दाखवा: 633 ची तोलेदोची धर्मसभा. सक्तीने बाप्तिस्मा देऊ नये, पण दिला गेला असेल तर त्याने ख्रिस्तीच राहावं. पुढची बारा शतकं या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर चालली. 1858 मध्ये बोलोन्यात सहा वर्षांच्या एदगार्दो मोर्तारा याला पोपच्या पोलिसांनी घरातून नेलं, कारण आजारपणात मोलकरणीने गुपचूप त्याचा बाप्तिस्मा केला होता. तो आईबापांना परत मिळाला नाही. ही नोंद सातव्या तक्त्यावर, इटलीत आहे. पहिल्यावरून सातव्यावर दोरा बांधा.

दुसरा आणि सातवा चालतील. आठवा, जर्मन शहरांचा, बारीक अक्षरांचा पण अचूक: एक सम्राट नावापुरता, म्हणून हद्दपारी शहराशहरातून, व्हिएन्ना 1421, रेगेन्सबुर्ग 1519, प्राग 1744 आणि चार वर्षांनी परत. दहावा तक्ता रशियाच्या कँटोनिस्ट, म्हणजे सक्तीने सैन्यात भरलेल्या ज्यू पोरांचा, 1827 ते 1856. बारा वर्षांपासूनची मुलं सैनिकी शाळांत, पंचवीस वर्षांची नोकरी मोजायची अठरापासून, आणि मधे बाप्तिस्म्यासाठी मारहाण. खाली नाझी जर्मनीच्या 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांची टीप: ज्याचे तीन आजीआजोबा ज्यू तो ज्यू, स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असला तरी.

जे नाही ते युरोपबाहेरचं. बाराव्या शतकातले अल्मोहाद हे मुस्लिम राज्यकर्ते, ज्यांच्यामुळे ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीसच्या घराण्याला कोर्दोबा सोडून मोरोक्कोतल्या फेजला आणि तिथून इजिप्तला जावं लागलं; 1679 ची येमेनची मावझा हद्दपारी; 1839 मध्ये एका दिवसात बाटलेला इराणमधल्या मशहदचा अख्खा ज्यू समाज. अकरावा तक्ता सहज झाला असता.

टांगण्याबद्दल. लॅमिनेशन एकाच बाजूला असल्यामुळे मागचा कागद दमट हवा पितो. एप्रिलपासून खोलीत कूलर सुरू झाला की तक्ता खालच्या कडेने पुढे वळतो. खाली अर्ध्या इंचाची पीव्हीसी पट्टी सरकवा आणि कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळा. दुहेरी टेप मे महिन्यात चुन्याचे पापुद्रे घेऊन सुटते. आयलेट आहेत, खिळेच वापरा. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. 1391 चे आकडे नारिंगी आहेत आणि संत्रानगरीच्या उन्हात तो रंग उडतो.

पैसे कमी असतील तर 1, 3, 5 आणि 9 सुटे घ्या, 1,200 रुपयांत होतं. पाचव्या आणि नवव्यासाठी ओएचपी शीट आणि पांढऱ्या पट्टीचे वेगळे.